पैलवानाचं नाजूक दुखणं

माझ्या सासऱ्यांच्या वळूला गुप्तरोग झाला आहे, ही बातमी सासऱ्यांना सांगायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा माझ्या लग्नाला चार महिने झाले होते.

चार महिन्यांची सून! सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्या. 'भाकरी वाढू का' एवढं विचारायचं तरी मी मामांच्या पायाच्या अंगठ्याकडं बघून विचारायची. मामांचा चेहरा मी तोवर नीट पाहिलाच नव्हता. अंगठा मात्र हजारांत ओळखला असता.

माझं माहेर बारामतीचं. वडील शाळेत शिक्षक. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. लग्न ठरलं ते इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याजवळच्या एका वस्तीवर. नवरा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला, घरचा ऊस, गोठ्यात सात गाई आणि एक वळू. बैठकीत मामांनी माझ्या वडिलांना विचारलं होतं, "पोरगी काय शिकलीया?" वडील म्हणाले, "प्राण्यांचं." मामा खूश झाले. म्हणाले, "मंग जमतंय. आमच्याकडं प्राणीच हायती."

त्या प्राण्यांत सगळ्यांत मोठा मान वळूचा. त्याचं नाव पैलवान. काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा, मान अशी की दोन माणसांनी हात धरून कवेत घेतली तरी तिसरं माणूस कमी पडावं. आमच्या पंचक्रोशीत गाय माजावर आली की पैलवानाकडं आणायची, अशी रीत होती. मामा त्याबद्दल कुणाकडून नारळाशिवाय काही घ्यायचे नाहीत. "आपल्या पैलवानाचं रगत गावात पसरतंय, आणि काय पायजे?" असं म्हणून मिशीवरून हात फिरवायचे. (काय काय पसरत होतं, ते पुढं कळलं!)

मी आले त्या वर्षी मात्र वस्तीवर एक विचित्र प्रकार चालू होता. गाई उलटत होत्या. म्हणजे वळू दाखवला, सगळ्यांना वाटलं गाय गाभण राहिली, की तीन आठवड्यांनी बाईसाहेब परत माजावर. काही तर दोन-अडीच महिने गाभण राहून गाभ टाकायच्या. एकेका गाईला पैलवानाकडं चार-चार वेळा आणावं लागायचं. आमच्या अंगणात गाईंची रांग लागलेली असायची आणि मी त्या रांगेतून वाट काढत पाण्याला जायची. शेजारच्या वस्तीवरचे बापूराव गाय घेऊन आले की खाली मान घालून म्हणायचे, "तात्या, परत आलोय." मामांना गावात सगळे तात्या म्हणत. मामा मोठ्या मनानं म्हणायचे, "असू द्या बापूराव. तुमच्या गाईतच काय तरी खोट हाय. पैलवान हाय तर काळजी न्हाय."

दोष कुणाकुणाला दिला नाही? पेंडीला दिला. कालव्याच्या पाण्याला दिला. उसावर मारलेल्या औषधाला दिला. एका म्हातारबाबांनी तर टीव्हीच्या अँटिनाला दिला. पैलवानावर मात्र कुणाचा संशय नाही. त्याच्याकडं बघून संशय घ्यायची हिंमतच होत नसे!

आणि मग आत्यांच्या चंद्रीनं गाभ टाकला. दुसऱ्यांदा.

चंद्री ही आत्यांच्या माहेरच्या गाईची नात. आत्या सुप्याच्या. तिकडच्या कोरड्या माळावरून त्यांच्या वडिलांनी चंद्रीची आजी लेकीला दिली होती. चंद्री आत्यांचा आवाज ऐकला की रवंथ थांबवायची. तिच्याबद्दल मामा एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "ही गाय आता काढायची. येत्या बाजाराला बारामतीला न्यायची."

आत्या उठल्या. कपबशी उचलली, आत गेल्या, आणि त्या क्षणापासून त्यांनी मामांशी बोलणं बंद केलं.

म्हणजे बोलणं चालूच होतं, फक्त ते माझ्यामार्फत! दोघं एकाच खोलीत, मध्ये चार हाताचं अंतर. आत्या म्हणायच्या, "सूनबाई, तुज्या मामास्नी इचार, कालवण आणिक पायजे का." मी अंगठ्याकडं बघून विचारायची, "मामा, कालवण हवं का?" मामा म्हणायचे, "सांग तुज्या आत्याला, नगं." मी वळून म्हणायची, "आत्या, नको म्हणतात." आत्या म्हणायच्या, "मला काय बहिरी समजत्यात व्हय? सांग त्यास्नी, मला ऐकू येतं!" हे पण मी सांगायची. आमचे हे अशा वेळी जेवण अर्धं टाकून उठायचे. "ड्युटीला उशीर होतोय," म्हणायचे. त्यांची ड्युटी सुरू व्हायला तीन तास असायचे.

अशा वातावरणात आमच्या वस्तीवर डॉक्टर मॅडम आल्या.

गुरांच्या डॉक्टर. बाई! वस्तीला हे नवीनच. एका खडखडणाऱ्या लूनावरून उतरल्या तेव्हा मी त्यांना शाळेतली मुलगीच समजले. उंची पाच फुटाला चार बोटं कमी, दोन वेण्या, खांद्याला पिशवी, मागं बांधलेली लाकडी पेटी. आसपासच्या गावांतून गाई उलटायच्या तक्रारी आल्या होत्या म्हणून कळपांची तपासणी करत फिरत होत्या. त्यांनी ओसरीवर बसून एक वही काढली आणि मामांना एकामागून एक प्रश्न विचारले. कुठली गाय, कधी उलटली, कधी गाभ टाकला. मामा सांगत गेले. शेवटी मॅडम म्हणाल्या, "आणि या सगळ्या गाईंना वळू कोणता?"

"आमचाच की! पैलवान!" मामांनी मिशीला हात घातला.

"सगळ्यांना?"

"समद्यास्नी! बापूरावांच्या, पलीकडच्या मळ्यातल्या, पार तिकडं कालव्याच्या चारीपर्यंत."

"मग आधी पैलवानाला तपासायला हवं," मॅडम म्हणाल्या.

मिशीवरचा हात मिशीवरच राहिला. "पैलवानाला? त्येला काय झालंय? बघा तरी त्येच्याकडं!"

"बघून कळत नाही. हा रोग वळूत दिसतच नाही. वळू ठणठणीत असतो आणि गाईंना देत जातो. ट्रायकोमोनियासिस म्हणतात."

"न्यूमोनिया?" मामा हसले. "अवो, पैलवान कदी खोकला पण न्हाय!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आठवडाभर त्याच्याकडं एकही गाय आणायची नाही. मी पुढच्या आठवड्यात येते." मग त्यांची नजर माझ्याकडं वळली. आत्यांनी मध्येच अभिमानानं सांगून टाकलं होतं की सून प्राण्यांचं शिकलीया. "सूक्ष्मदर्शक वापरता येतो तुम्हाला?"

"हो!" मी म्हणाले.

आता खरं सांगते. कॉलेजात आम्हां पंधरा जणींत एक सूक्ष्मदर्शक होता. माझा नंबर यायचा तोवर तास संपायचा. तीन वर्षांत मी त्यातून जे पाहिलं, ते बहुतेक अंधार होता. पण चार महिन्यांच्या सुनेला सासरी कुणी काही येतं का विचारलं, तर 'हो' म्हणण्याची संधी सोडवत नाही हो!

आठवड्यानं मॅडम आल्या. पैलवानाला लाकडी खोड्यात घालायला मामांनी सहा गडी बोलावले होते. मॅडमना बघून त्यातला एक हळूच म्हणाला, "ह्या बाई त्येच्या पोटाखालनं चालत जातील, वाकावं पण लागायचं न्हाय." सगळे हसले.

मॅडमनी बाह्या सरसावल्या. पैलवानाच्या मानेवर हात ठेवला, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या आणि सरळ त्याच्या पोटाशी जाऊन बसल्या. त्या डोंगराखाली ती एवढीशी बाई! मग कळलं की नमुना कुठून घ्यायचा असतो. रबराची नळी, मिठाचं कोमट पाणी, आणि वळूचा सगळ्यांत खाजगी भाग. आत पाणी सोडायचं, बाहेरून चोळायचं, आणि तेच पाणी बाटलीत परत घ्यायचं.

सहाच्या सहा गड्यांना एकदम आभाळात काहीतरी महत्त्वाचं दिसलं. बघायला आलेले बापूराव कडुनिंबाची पानं मोजू लागले. मामांनी तर पाठच फिरवली. आणि मॅडम म्हणाल्या, "सूनबाई, तुम्ही बाटली धरा."

मी!

पदर दातात धरला, डोळे गच्च मिटले आणि बाटली पुढं केली. सासरे पाठमोरे, दीर-नात्याचे सहा गडी आभाळात, आणि मी पैलवानाखाली. पाणी आलं. अर्धं बाटलीत, अर्धं माझ्या बांगड्यांतून थेट कोपरापर्यंत. "डोळे उघडा," मॅडम म्हणाल्या, "तो लाजत नाहीये, तुम्ही कशाला लाजता?" पैलवान खरोखरच निवांत कडबा खात होता. ज्याच्या नुसत्या डुरकण्यानं अख्खी वस्ती बाजूला व्हायची, तो ह्या वीतभर बाईच्या हाताखाली शेळीसारखा उभा होता. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. (त्यामुळं पदर सुटला तो वेगळाच!)

पुढं चंद्रीचा नमुना काचेच्या नळीनं घेतला. ते सोपं होतं. आत्यांनी तिला कुरवाळत ठेवलं होतं.

दोन्ही नमुन्यांचे थेंब मॅडमनी दोन छोट्या बाटल्यांत टाकले. आत पिवळसर औषधी पाणी होतं, जंतू असले तर त्यात वाढणार. बाटल्यांना चिकटपट्टी लावून एकीवर 'पै' लिहिलं, एकीवर 'चं'. मग म्हणाल्या, "दोन दिवस अंगाच्या उबेइतक्या उबेत ठेवायच्या. दवाखान्यातलं उबवण्याचं यंत्र बंद पडलंय, आणि इकडं वीज कधी असते कधी नसते. तुम्ही ठेवाल? मी जवळच्या गावांतले कळप बघून परवा सकाळी येते. सूक्ष्मदर्शकही इथंच ठेवते, लूनावर हादरे बसतात."

अंगाच्या उबेइतकी ऊब! पहिल्यांदा मी बाटल्या कमरेला खोचल्या. पण चुलीपुढं बसले की मीच उकडून निघायची, जंतूंचं काय? उतरंडीत ठेवाव्या तर थंड. गव्हाच्या कणगीत ठेवाव्या तर आत्यांचा हात जायचा. विचार करत परसात गेले तर डालग्यात आत्यांची खुडूक कोंबडी बसलेली. अकरा अंड्यांवर, डोळे अर्धे मिटून, ऋषीसारखी! देवानंच केलेलं यंत्र. वीज जायची भीती नाही. मी हळूच पैलवान आणि चंद्री दोघांनाही तिच्याखाली सरकवलं. तिनं मला दोन चोची मारल्या आणि दोन्ही बाटल्या पायानं ओढून अंड्यांच्या बरोबर मध्ये घेतल्या. मला भरून आलं. त्या बाईनं आत काय आहे ते विचारलंसुद्धा नाही.

आता मी तिथंच थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मला राहवेना. तीन वर्षं ज्याच्यासाठी रांगेत उभी राहिले, तो सूक्ष्मदर्शक घरात, आणि आसपास पंधराजणी नाहीत! मी तो अंगणात आणला. आरसा उन्हाकडं फिरवला. कोंबडीखालून हाताला आली ती बाटली काढली, 'चं'. एक थेंब काचेवर ठेवला आणि डोळा लावला.

दिसला! काळा, लांब, वाकडा, राकट केसासारखा! आणि हलत होता! मी श्वास घेतला की तो थरथरायचा!

"सापडला!" मी ओरडले. "हलतोय! हलतोय!"

आत्या पिठाच्या हातानं धावत आल्या. मामा गोठ्यातून आले. "कुनाच्या बाटलीत?" मामांनी विचारलं.

आणि उत्साहाच्या भरात, काही विचार न करता, मी सांगून टाकलं, "चंद्रीच्या!"

आत्यांचा चेहरा उतरला. मामांनी हात झटकले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सांग तुज्या आत्याला. मी म्हणत हुतो, गाईतच खोट हाय. उद्याच्याला बाजार हाय. मी सकाळी निघतो."

आत्या आत गेल्या. त्या दिवशी आमच्या घरात निरोप्याचीही गरज पडली नाही. कुणी कुणाशी बोललंच नाही. मी चार वेळा आत्यांजवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी चारही वेळा मला काहीतरी काम सांगितलं, आणि तेच मला जास्त लागलं.

सकाळी मामा चंद्रीला घेऊन निघाले. फाट्यावरून टेम्पो मिळायचा होता. आत्यांनी तिच्या कपाळाला हळद लावली, वळल्या, आणि दार लावून घेतलं. त्यानंतर अर्ध्या तासानं लूना खडखडत अंगणात आली.

मी रडत रडत मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "दाखवा बरं, काय पाहिलं?" मी पुन्हा काच लावली, डोळा लावला. "हा बघा! आत्ताही आहे!"

"आता पापणी मिटा आणि उघडा," मॅडम म्हणाल्या.

मी मिटली. उघडली. जंतू खाली गेला आणि वर आला.

"ती तुमची पापणीच आहे, सूनबाई," मॅडम म्हणाल्या. "डोळा फार जवळ नेला की दिसते."

माझ्या पापणीपायी चंद्री बाजाराला निघाली होती!

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. मॅडमनी लूनाला पायडल मारलं. मी मागं बसले, मांडीवर सूक्ष्मदर्शकाची पेटी, पदराच्या गाठीत कमरेशी दोन्ही बाटल्या, (ऊब तुटायला नको!) आणि कोंबडी पाठीमागं हक्कानं ओरडत फाटकापर्यंत धावत आली. चार महिन्यांची सून, डोक्यावरचा पदर वाऱ्यावर, लूनावरून सासऱ्यांचा पाठलाग करते आहे, हे दृश्य वस्तीनं पहिल्यांदाच पाहिलं. बापूराव बांधावरून ओरडले, "काय झालं? तात्या पळून गेलं का काय?"

नशीब एवढंच की चंद्रीनं आमचं काम केलं होतं. कालव्याच्या पुलावर ती मधोमध बसली होती. मामा दाव्याला हिसके देत होते, एक उसाचा ट्रॅक्टर मागं थांबला होता, एक एस.टी. पुढं थांबली होती आणि दोन्हीकडची माणसं खाली उतरून मामांना सल्ले देत होती.

"मामा, थांबा!" मी ओरडले. "ती पापणी होती!"

"काय हुती?"

मॅडम सरळ पुलाच्या कठड्याशी गेल्या. सूक्ष्मदर्शक मांडला, आरसा उन्हाला लावला, माझ्याकडून 'पै'ची बाटली घेतली. थेंब काचेवर. डोळा लावला. बराच वेळ त्या हलल्या नाहीत. ट्रॅक्टरवाल्यानंही इंजिन बंद केलं. मग त्या बाजूला झाल्या आणि मला म्हणाल्या, "बघा. डोळा जरा लांब ठेवून."

मी पाहिलं, आणि ती पुलावरची गर्दी, एस.टी., ट्रॅक्टर, सगळं कुठंतरी दूर गेलं.

उजेडाचं एक गोल तळं होतं. त्यात ते होते. भोवऱ्यासारखे, एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला निमुळते. काचेसारखे आरपार. पुढं केसाहून बारीक चाबूक सपासप चालत होते आणि अंगाच्या एका बाजूनं, पदराच्या काठाला वारा लागावा तशी, एक झालर लहरत होती. गिरक्या घेत होते, कोलांट्या मारत होते. एक नाही, दोन नाही, सगळं तळं त्यांनी भरलेलं! कालपर्यंत मला ती शिसारी आणणारी गोष्ट वाटत होती. आता मला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. इतकं सुंदर, इतकं बारीक, आणि ह्यांनीच सगळ्या वस्तीच्या गोठ्यांतली वासरं जन्माआधी नेली होती.

"काय दिसतंय?" मामांनी विचारलं.

मी मॅडमकडं पाहिलं. त्या दुसरी काच मांडत होत्या. "तुम्हीच सांगा," म्हणाल्या, "मी चंद्रीची बाटली बघते."

तर अशी ती वेळ आली. समोर सासरे. भोवती एक अख्खी एस.टी. मी पदर कपाळापर्यंत ओढला, अंगठ्याकडं पाहिलं आणि सुरुवात केली.

"मामा... ते... पैलवानाला बाहेरचं लागलंय."

"बाहेरचं?" मामा दचकले. "म्हंजी भूतबाधा? देवऋषी बगायचा का?"

"नाही हो मामा, तसलं बाहेरचं नाही!"

"मंग कसलं?"

"म्हणजे... गाईंपासून त्याला... आणि त्याच्यापासून गाईंना... एकीकडून दुसरीकडं..."

"नीट बोल की पोरी! काय झालंय माज्या पैलवानाला?"

"बाहेरख्यालीपणाचं दुखणं झालंय!" मी एका दमात ओरडले.

एस.टी.तून एका म्हाताऱ्या बाईनं डोकं बाहेर काढून विचारलं, "कुनाला? त्या माणसाला?"

"न्हाय वो, वळूला! वळूला!" मामा कळवळून म्हणाले.

मग ते पुढं आले. फेटा मागं सारला, कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि डोळा लावला. पहिल्यांदा त्यांना काहीच दिसेना. मॅडमनी त्यांचं डोकं हलकेच धरून मागं घेतलं. आणि मग मामांचे खांदे एकदम थांबले.

किती वेळ पाहिलं कोण जाणे. उभे राहिले तेव्हा मी पहिल्यांदाच अंगठा सोडून त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. एवढा मोठा माणूस, पण चेहरा जत्रेत आलेल्या पोराचा.

"पैलवान केवढा," ते हळू म्हणाले, "आन ह्ये केवढं! त्येच्या जिवावर मी मिशा पिळल्या, आन आत ह्येंचं राज्य हुतं." त्यांनी सूक्ष्मदर्शकाला हात जोडले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मॅडमनाही जोडले.

मॅडम म्हणाल्या, "चंद्रीच्या बाटलीत मला काही दिसलं नाही. पुन्हा तपासूच. पण गाईंचं एक असतं तात्या, तीन-चार महिने वळू दाखवला नाही तर बहुतेक गाई आपल्या आपण बऱ्या होतात. वळू होत नाही. त्याच्यात तो रोग राहून जातो."

"म्हंजी जिला मी इकाया निघालो ती बरी हुनार," मामा म्हणाले, "आन ज्येच्यापायी निघालो..." त्यांनी चंद्रीच्या गळ्यावर हात ठेवला. चंद्री उठली आणि कुणी न सांगता घराकडं वळली. एस.टी.वाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर मामा सरळ चुलीपाशी गेले. मी सवयीनं दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. मामांनी मला हातानं बाजूला केलं. "अगं," ते आत्यांना म्हणाले, "चुकलं माजं. तुजी गाय परत आणलीया." आत्यांनी मान वर केली नाही. फक्त म्हणाल्या, "हात धुवा. भाकरी गरम हाय."

खरा माणूस मला दुसऱ्या दिवशी दिसला. मामांनी धुतलेलं धोतर नेसलं, लग्नातला फेटा बांधला आणि म्हणाले, "सूनबाई, चल. ज्येंच्या ज्येंच्या गाई आपल्याकडं आल्या, त्या समद्यास्नी सांगाया पायजे." मला वाटलं मॅडम सांगतील, दवाखान्याचा कागद जाईल. मामा म्हणाले, "वळू माजा. त्वांड पण माजंच पायजे."

आम्ही घरोघर फिरलो. मामा दारात उभे राहून म्हणायचे, "तुमच्या गाईत खोट न्हवती. माज्या पैलवानात हुती. माफी करा." मग माझ्याकडं हात करायचे, "रोग कोंचा, त्यो ही सांगंल." आणि मी सांगायची! चौथ्या घरापर्यंत माझी भीड चेपली. सातव्या घरी तर मी जमिनीवर काडीनं चित्र काढून, झालरीसकट, समजावून दिलं. तिथल्या आजींनी चहा न देता दूधच दिलं.

बापूरावांकडं मात्र नुसत्या माफीवर भागणार नव्हतं. बापूरावांनी दोन गाई वांझ म्हणून आधीच विकल्या होत्या. ते ऐकून घेऊन दोन रिकाम्या खुंट्यांपाशी जाऊन बसले. मामांनी त्याच दिवशी आपल्या गोठ्यातली सगळ्यांत चांगली, बाहेरून विकत घेतलेली कालवड आणून त्यांच्या दावणीला बांधली.

बापूराव तिच्याभोवती एक फेरी मारून आले. "तात्या," त्यांनी संशयानं विचारलं, "ही पैलवानाची न्हाय ना?"

"न्हाय रं बाबा," मामा म्हणाले, "हिचा बाप इंजेक्शन हाय!"

आणि दोघंही असे हसले की कालवड दावं तोडून पळाली. ती धरून आणायला सगळ्या वस्तीला धावावं लागलं.

मॅडमनी मग एकूण एक कळप तपासला. पैलवानाचं वळूपण संपवलं आणि त्याला गाडीला जुंपलं. उसाची गाडी ओढताना तो इतका खूश दिसायचा की मामा म्हणायचे, "बिचारा दमला असंल आधीच्या कामानं." गाई आता कृत्रिम रेतनाच्या इंजेक्शनवर गेल्या, आणि मी मॅडमची मदतनीस झाले. बाटल्या, नोंदी, तारखा. कुठली गाय कधी माजावर आली, कधी उलटली, कधी तपासायची, सगळं माझ्याकडं. बायका विहिरीवर मला थांबवून विचारायच्या आणि मी चालता चालता उत्तर द्यायची. पुन्हा कधी डोळे मिटून बाटली धरली नाही.

काही महिन्यांनी चंद्रीच्या तपासणीचा दिवस आला. सगळी वस्ती जमली होती. मॅडमनी कोपरापर्यंत हातमोजा चढवला, हात आत घातला, डोळे मिटून अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "गाभण आहे. चांगली तीन महिन्यांची."

आत्या चंद्रीच्या गळ्यात पडल्या. मामांनी फेटा उडवला. मी वही उघडून ऐटीत म्हणाले, "माझ्या तारखेप्रमाणं बरोबर तीन महिने आणि चार दिवस!" आणि तशीच वही टाकून, तोंडावर हात धरून, गोठ्यामागं ओकायला पळाले.

परत आले तर मॅडम हातमोजा काढत माझ्याकडं निरखून बघत होत्या. "आज कितव्यांदा?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्यांदा. ऊन लागलं असेल."

"सूनबाई," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही स्वतःच्या तारखा कुठं लिहून ठेवता?"

आत्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांना म्हणे पंधरा दिवसांपासून माहीत होतं. बापूरावांच्या बायकोला माहीत होतं. विहिरीवर तर सगळ्यांनाच माहीत होतं. पंचक्रोशीतल्या एकूण एक गाईच्या माजाची तारीख मला तोंडपाठ होती हो, पण माझा स्वतःचा महिना चुकलाय, हे सांगायला गुरांचा डॉक्टर लागला!